पट्टा सैल आहे

साडी घ्यायला आलेली बाई 'नको' म्हणत नाही. ती म्हणते, "छान आहे हो, यातच जरा फिका रंग दाखवा." फिका दाखवला की म्हणते, "काठ थोडा बारीक असता तर!" बारीक काठाची काढली की म्हणते, "उद्या सासूबाईंना घेऊन येते." सांगलीच्या कापड पेठेत गुंडाप्पाअण्णांच्या दुकानात मी एकवीस वर्षं गादीवर बसून साड्या उलगडल्या. एवढ्या वर्षांत तोंडावर 'नको' म्हणणाऱ्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या भेटल्या, आणि त्याही बहुतेक परगावच्या.

पहिल्याच आठवड्यात अण्णांनी मला बजावलं होतं, "सुचेता, बाईच्या तोंडाकडं बघू नकोस, हाताकडं बघ. पदरावरनं हात फिरला की साडी खपली. हातातली बांगडी फिरवाय लागली की साडी गुंडाळ. तिला नको आहे. तुला वाईट वाटू नये म्हणून बसलीय बिचारी."

आणि नुसतं गुंडाळायचं नाही. अण्णा स्वतः पुढे होऊन म्हणायचे, "ताई, ही नका घेऊ. हिच्या काठात जरा दोष आहे." काठात काही नसायचं. पण बाईची सुटका व्हायची, ती हसत उठायची आणि पुढच्या सणाला आमच्याच दुकानाची पायरी चढायची.

हे सगळं मला माहीत होतं. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी ते साफ विसरले.

अंगावर साडी नेसवून दाखवणारे आरसे घरोघरी आले आणि अण्णांनी दुकानाला कुलूप लावलं. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. माझा नवरा शिरीष शाळेत भूगोल शिकवतो. त्याने कुठूनतरी एक सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाची जाहिरात आणली. यूएक्स डिझाइन. म्हणजे एखादी वस्तू वापरताना माणसाला काय वाटतं, तो कुठे अडखळतो, कुठे चिडतो, हे बघून वस्तूच बदलायची.

"तू एकवीस वर्षं दुसरं काय केलंस?" शिरीष म्हणाला.

वर्गात सगळी माझ्या निम्म्या वयाची मुलं. मी आपली दुकानातून आणलेल्या साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर स्केचपेनने फोनचे पडदे आणि त्यांवरची बटणं काढायची. पण हळूहळू ते माझ्या अंगात भिनलं. बँकेच्या दारावर 'ढकला' लिहिलेलं असतं आणि मूठ मात्र ओढायची असते, म्हणून म्हातारी माणसं तिथे खजील होतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही, दार चुकलेलं असतं. हे कळल्यापासून मी जगात जाईन तिथे भांडू लागले. लिफ्टशी, नळाशी, मिक्सरशी. शिरीष म्हणायचा, "आमच्या हिच्यासमोर आता चमच्याने पण सांभाळून राहायला पाहिजे."

अभ्यासक्रम संपला आणि मला 'अनुमती' नावाच्या छोट्या कंपनीत नोकरी लागली. ऑफिस सांगलीतच, विश्रामबागेत. माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या मंजिरी उपळेकर या तिथल्या प्रमुख, आणि तन्वीर मुल्ला हा इंजिनिअर. मुलाखतीत मंजिरी मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता, "समोरच्याला खरंच हवंय का, हे तुम्हाला कसं कळतं?" मी अण्णांचा मंत्र सांगितला. हाताकडे बघायचं. त्या तन्वीरकडे बघून हसल्या. त्यांचं यंत्रही हाताकडेच बघत होतं.

ते असं. आपलं बोट हलण्याआधी मेंदूची आज्ञा मज्जातंतूंतून खाली येते आणि मनगटाजवळच्या स्नायूंत किंचितशी वीज खेळते. पापणी लवायच्या आत हे घडून जातं, पण मनगटावर नाजूक पट्टा बांधला तर ती वीज त्वचेवरून मोजता येते. माणूस मनापासून हात पुढे करतो तेव्हा बोट पुढे नेणारे स्नायू एकटे कामाला लागतात. मनाविरुद्ध करतो तेव्हा पुढे नेणारे आणि मागे ओढणारे दोन्ही एकदम ताणले जातात, ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवावी तसे. बाहेरून दोन्ही हात सारखेच दिसतात. पट्ट्याला फरक दिसतो.

हे हवं होतं कशासाठी, तर अवयवदानासाठी. घरातल्या माणसाला मूत्रपिंड देणाऱ्यांत बायकाच जास्त असतात. आई, बायको, बहीण. दानाला परवानगी देणाऱ्या समितीचे डॉक्टर विचारतात, "स्वखुशीने देताय ना?" ती "हो" म्हणते. घरचे दाराबाहेर उभे असताना ती दुसरं काय म्हणणार? पट्टा तिच्या वतीने खरं सांगेल, अशी कल्पना होती. मला ती इतकी आवडली की पहिल्या दिवशी घरी येऊन मी देवापुढे साखर ठेवली.

यंत्राला कोणी नियम शिकवत नाही. त्याला उदाहरणं दाखवायची आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावायची, हा होकार, हा नकार. त्यावरून ते आपलं आपण ताडायला शिकतं. आमच्याकडची उदाहरणं होती कॉलेजच्या पोरांची.

"बायकांचे हात हवेत," मंजिरी मॅडम म्हणाल्या. "तीस ते साठ वयाच्या, घरसंसारातल्या. पण लॅबमध्ये यायला त्या बिचकतात."

"लॅबमध्ये कशाला?" मी म्हटलं. "संक्रांत आलीय. मी हळदीकुंकू करते."

त्या दिवशी माझ्यासारखी हुशार मीच असं मला वाटत होतं. चौसष्ट बायका आल्या. हळदीकुंकू लावायचं, अत्तर, तिळगूळ, वाण म्हणून स्टीलची डबी द्यायची, आणि मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून उजव्या मनगटावर पट्टा बांधायचा. समोरच्या पडद्यावर सहा प्रश्न. सकाळी सहाच्या योगवर्गाला नाव घालू का? जाहिरातीत तुमचा फोटो वापरला तर चालेल? येत्या रविवारी आणखी दोन तास चाचणीला याल? हवं असेल तर हिरव्या गोलावर बोट ठेवायचं, नको असेल तर पिवळ्यावर. तन्वीर आतल्या खोलीत संगणक घेऊन बसला होता. "हळदीकुंकवाला पुरुष!" म्हणून बायकांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली आणि जाताना त्यालाही तिळगूळ दिला.

मधेच त्याने मला आत बोलावलं. "ताई, तीनशेचौऱ्याऐंशी उत्तरांत नकार किती येतील?"

"किती?"

"आत्तापर्यंत एवढ्या बायका झाल्या, नकार अकरा. आणि पट्टा सारखा सैल होतोय. उत्तर द्यायच्या आधी रीडिंगमध्ये नुसती खडखड."

मी दारातून डोकावले. खुर्चीत बसलेल्या बाई पडद्याकडे बघून गोड हसत होत्या आणि डाव्या हाताने उजव्या मनगटावरच्या बांगड्या फिरवत होत्या. बांगड्यांबरोबर पट्टाही फिरत होता.

"अरे, बायका बांगड्या फिरवतातच," मी म्हटलं. "हाताला चाळा असतो. तेवढं काढून टाक."

त्याने काढून टाकलं. पट्टा फिरला की तेवढं रीडिंग पुसायचं, पडद्यावर 'पट्टा सैल आहे, नीट लावा' अशी सूचना द्यायची आणि प्रश्न पुन्हा विचारायचा. तो तरी काय करणार? बायकांचं मला कळतं म्हणून तर मला घेतलं होतं.

मला खरंच कसं कळलं नाही? याचं उत्तर मी पुढे पुष्कळदा शोधलं. माझं घर, माझा तिळगूळ, माझी नवी नोकरी. तिथे माझीच वस्तू कोणाला नको असेल, हे माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही. हळदीकुंकवाला गेलेली बाई यजमानिणीने पुढे केलेलं काहीही परत करत नाही. वाण नको असलं तरी घेते आणि घरी जाऊन दुसऱ्या कोणाला देते. मी त्या सगळ्यावर 'होकार' अशी चिठ्ठी लावली. रविवारच्या चाचणीला येते म्हणून चाळीसजणींनी हिरव्यावर बोट ठेवलं होतं. आल्या चौघी. संक्रांतीचा महिना आहे, असतील बायकांना कामं, असं म्हणून मी ते सोडून दिलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वर्षभरात आमचा पट्टा तीन रुग्णालयांत गेला. आणि दीड वर्षाने शिरीषचे पाय सुजले.

रक्तदाबाने दोन्ही मूत्रपिंडं केव्हाच पोखरली होती, आम्हाला उशिरा कळलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार मिरजेला डायलिसिस. भरल्या वर्गात खडूने नद्या काढणारा माणूस जिना चढताना मधेच थांबायला लागला. माझी तपासणी पहिली झाली. मला मधुमेह, म्हणून मी बाद. सासूबाई अठ्ठ्याहत्तरच्या. मुलगा सतरा वर्षांचा, कायद्याने लहान. राहिली कल्याणी, शिरीषची धाकटी बहीण. ती तासगावला असते, बेदाण्याच्या शेडवर माल निवडायचं काम बघते. बातमी कळली त्याच संध्याकाळी ती आली. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि रडल्या. कल्याणी म्हणाली, "रडता कशाला आई? मी आहे की."

सगळ्या तपासण्या जुळल्या. शेवटी राहिला पट्टा. मिरजेच्या रुग्णालयात काचेच्या खोलीत कल्याणी एकटी, समितीच्या डॉक्टर हेरवाडकर आणि एक नर्स. काचेबाहेर आम्ही, मी, शिरीष, सासूबाई, आणि कल्याणीची सासू. नर्सने तिच्या बांगड्या काढून ट्रेमध्ये ठेवल्या आणि पट्टा बांधला. बाहेरच्या पडद्यावर सूचना आणि निकाल घरच्यांनाही दिसायचे. तशी रचना मीच केली होती. घरच्यांच्या जिवाची घालमेल कमी व्हावी, म्हणून.

प्रश्न आला, 'हे दान तुम्ही स्वतःच्या इच्छेने करत आहात का?' कल्याणी हसली. तिचा डावा हात उजव्या मनगटावर गेला.

'पट्टा सैल आहे, नीट लावा.'

नर्सने पट्टा आवळला. पुन्हा प्रश्न. पुन्हा तिची बोटं मनगटावर. तिथे बांगड्या नव्हत्या, म्हणून ती पट्टाच फिरवत होती.

'पट्टा सैल आहे, नीट लावा.'

चौथ्या वेळी तिने बोट हिरव्या गोलावर ठेवलं. पडदा हिरवा झाला. 'होकार. मनापासून.' सासूबाईंनी हात जोडले. शिरीषने डोळे मिटून घेतले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? दोन-तीन श्वास घेईपर्यंत मी नुसती आनंदात होते. मग मला अण्णांचा आवाज आला. साडी गुंडाळ, सुचेता.

शस्त्रक्रिया चौदा दिवसांवर होती. त्यातले तीन दिवस मी कोणाशी काही बोलले नाही. स्वयंपाकघरात जायची, काय घ्यायला आले ते विसरायची, बाहेर यायची. शिरीष खुशीत होता. "शाळा उघडली की पहिला तास मीच घेणार," म्हणून नकाशे काढून बसला होता. त्याच्याकडे बघितलं की वाटायचं, आपल्याला काय करायचंय? यंत्र म्हणतंय मनापासून, ती म्हणतेय मनापासून, डॉक्टर म्हणतायत मनापासून. मी कोण सांगणार? आणि दुसऱ्या क्षणी स्वतःचीच शिसारी यायची. माझा नवरा जगावा एवढीच माझी इच्छा होती, आणि त्या इच्छेपायी मी दुसऱ्या बाईचा हात बघायचं नाकारत होते.

चौथ्या दिवशी मी तन्वीरला म्हटलं, "हळदीकुंकवाचं जे रीडिंग पुसलं होतंस, ते कुठे आहे का?"

"मूळ प्रत आहे. का?"

त्याने ते उघडलं. खडखडीच्या जागा वेगळ्या काढल्या आणि त्यांच्यापुढे प्रश्न मांडले. योगवर्ग, फोटो, रविवार. या तीन प्रश्नांना ओळीने खडखड. 'तिळगूळ आवडला का?' या प्रश्नाला एकही नाही. पट्टा फिरण्याच्या आधी दोन्हीकडचे स्नायू एकदम ताणलेले, अगदी पुस्तकात दाखवतात तसे.

"हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, ताई," तन्वीर म्हणाला, "आणि आपण काकणच पुसून टाकलं."

मग त्याने दुसरी यादी काढली. पट्टा लागल्यापासून, कल्याणी सोडून, एकोणीस दाते मंजूर झाले होते. त्यात चौदा बायका. सहाजणींच्या वेळी 'पट्टा सैल आहे' ही सूचना तीन किंवा जास्त वेळा आली होती. सहाही शस्त्रक्रिया झालेल्या होत्या.

मी यादी घेऊन मंजिरी मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी ती दोनदा वाचली.

"सुचेताताई, हे तुम्हाला आत्ता दिसलं? तुमच्या घरची वेळ आल्यावर?"

"दुसऱ्यांच्या वेळी मी काचेबाहेर नव्हते, मॅडम."

त्यांना राग आला होता आणि तो बरोबर होता. पण त्या तासाभरात तिन्ही रुग्णालयांना फोन करून त्यांनी पट्टे थांबवले. कंपनीचं काय होईल हे त्यांनाही माहीत नव्हतं. "दुरुस्त करायला किती दिवस?" त्यांनी तन्वीरला विचारलं. तो म्हणाला, पाच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यंत्र तो दुरुस्त करेल. यंत्राने काय सांगायचं आणि कोणाला, ते तुम्ही ठरवा."

यादीतल्या पहिल्या बाईकडे मी दुसऱ्या दिवशी गेले. कवठे महांकाळच्या अलीकडे रस्त्याला लागून घर. तिने दिराला मूत्रपिंड दिलं होतं. मी कंपनीतून आले म्हटल्यावर तिने चहा टाकला. मी भीत भीत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मला आधी वाटत हुतं, आपल्याला नको हाय. पण यंत्रानं सांगितलं मनापासनं हाय म्हणून. मग म्हटलं, असंल बाई. यंत्राला कळत असंल."

मी चहाचा कप खाली ठेवला. नकार ऐकू यावा म्हणून आम्ही यंत्र बनवलं होतं आणि त्याने तिचा नकार तिच्याचकडून काढून घेतला होता. पदराआड तिचा हात कुठे होता ते मी बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

तिथून मी तशीच तासगावला गेले. कल्याणी शेडमध्ये लांब टेबलाशी उभी राहून बेदाणे निवडत होती, हिरवे एकीकडे, काळपट एकीकडे.

"वहिनी? अशा अचानक? दादा बरा आहे न्हवं?"

"बरा आहे. तुला विचारायला आले. तुला नको आहे ना?"

तिची बोटं बेदाण्यात थांबली. "असं का विचाराय लागलाय? मी हो म्हटलंय की. पट्ट्यानं पण सांगितलं."

"पट्टा मी केलाय. तो चुकलाय."

तिने पुन्हा निवडायला घेतलं. मग खाली बघतच म्हणाली, "मला भीती वाटती, वहिनी. दुसरं कायबी कारण न्हाई. तब्येत चांगली, घरचे न्हाई म्हणत न्हाईत, दादावर जीव आहे. नुसती भीती वाटती. पण एवढ्यासाठी कुणी न्हाई म्हणतं का? माझ्या तोंडातनं ते यायचं न्हाई. आणि तुम्हांला तर कसं सांगू? तुम्ही त्याची बायको."

"मला सांगू नकोस," मी म्हटलं. तिने 'नाही, वहिनी, मी देणारच' म्हणावं असं त्या क्षणीही मला आतून वाटत होतं. "येत्या सोमवारी पुन्हा पट्टा लावतील. फक्त बांगड्या काढू नकोस. नर्सला मी सांगेन. आणि हात आवरून धरू नकोस. जे करावंसं वाटेल ते त्याला करू दे."

तिने मान हलवली. निघताना तिने माझ्या पिशवीत दादासाठी बेदाणे भरले. त्याला ते चालत नाहीत, त्यात पोटॅशियम असतं, हे तिला माहीत होतं. तरी भरले, आणि मीही घेतले.

घरी येऊन साडीच्या खोक्याचा एक पुठ्ठा काढला आणि बसले. नकार यंत्राला कळला, पुढे काय? बाहेरच्या पडद्यावर लाल रंगात 'नकार' उमटला, तर ती बाई जन्मभर त्या घरात कशी राहील? हा प्रश्न आम्ही कोणी विचारलाच नव्हता. यंत्राने खरं ओळखलं की काम झालं, असं धरून चाललो होतो. मी पुठ्ठ्यावर दोन चौकोन काढले. आतल्या चौकोनातला खरा निकाल एकट्या समितीच्या डॉक्टरांना दिसेल. बाहेरच्या चौकोनात काय लिहायचं यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी अण्णांच्या वळणावर गेले. 'वैद्यकीय कारणामुळे दाता योग्य नाही. यात कोणाचाही दोष नाही.'

डॉक्टर हेरवाडकरांनी पुठ्ठा हातात घेऊन वाचला. "आम्ही पूर्वी हेच करायचो," त्या म्हणाल्या. "दाता घाबरलेला दिसला की काहीतरी कारण काढून त्याला सोडवायचो. मग तुमचा पट्टा आला आणि आम्ही माणसाकडे बघायचं सोडलं."

सोमवारी काचेच्या खोलीत कल्याणी हिरव्या बांगड्या घालून बसली. प्रश्न आला. तिचा डावा हात उजव्या मनगटावर गेला, बांगड्या फिरल्या, पट्टा फिरला. या वेळी पडद्यावर कसलीही सूचना आली नाही. यंत्राने तिला पुन्हा विचारलं नाही. तिने बोट हिरव्या गोलावर ठेवलं आणि आमच्या पडद्यावर ते वाक्य उमटलं. आत डॉक्टरांनी पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर येऊन कल्याणी शिरीषच्या गळ्यात पडली आणि हंबरडा फोडून रडली. ते रडणं खरं होतं. सुटल्याचंही आणि भावाचंही. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. कल्याणीची सासू मात्र माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "म्हणजे आमच्या सुनेत काय निघालं म्हणायचं?" माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी शिरीषकडे बघत होते. तो बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवत होता आणि म्हणत होता, "असू दे गं, असू दे."

शिरीषचं नाव सरकारी प्रतीक्षायादीत गेलं. किती वर्षं लागतील कोणी सांगू शकत नाही.

दुपारी घरी आल्यावर तो गॅलरीतल्या खुर्चीत बसला. मी पाणी दिलं. त्याला दिवसाला मोजूनच पाणी, म्हणून तो एकेक घोट तोंडात धरून ठेवतो.

"सुचे, कल्याणीत काय निघालं?"

"डॉक्टर म्हणाल्या ना, वैद्यकीय कारण."

"ते मी वाचलं. तुला काय माहीत आहे?"

अण्णा किती सहज म्हणायचे, काठात दोष आहे. मला ते जमेना. वीस वर्षांच्या संसारात मी या माणसाशी मोठं खोटं बोलले नव्हते, आणि खरं सांगितलं तर त्याचा जीव वाचवायची संधी मी माझ्या हाताने घालवली हे सांगावं लागणार होतं. तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. त्याची नजर जिथे होती तिथे मी बघितलं, तर माझीच बोटं बांगड्या फिरवत होती.

"लहानपणी इंजेक्शनवाला आला की ती माळ्यावर जाऊन बसायची," शिरीष म्हणाला. "आईने किती हाका मारल्या तरी उतरायची नाही. मीच वर जाऊन तिला खाली आणायचो." त्याने पाण्याचा एक घोट घेतला. "या वेळी मी वर गेलोच नाही. मला तिचं हो म्हणणं हवं होतं ना."

मी रडायला लागले. त्याने माझं मनगट धरलं, बांगड्या थांबल्या.

"एक चूक केलीस बघ," तो म्हणाला. "दाता योग्य नाही असं लिहिलंस. उद्या तिच्या सासरी सगळे विचारतील, हिच्यात काय खोट आहे म्हणून. तिची सासू तिथेच कुजबुजत होती. दोष तिच्यात नको काढूस. माझ्या रक्तात काढ. मला काय फरक पडतो?"

मी फोन उचलला आणि तन्वीरला म्हटलं, "बाहेरचं वाक्य बदलायचंय. लिही, रुग्णाच्या रक्तातल्या दोषामुळे कोणाचंही मूत्रपिंड सध्या जुळत नाही. आणि डॉक्टर हेरवाडकरांना कळव, कल्याणीच्या सासरी जाणाऱ्या कागदावर हेच पाहिजे."

"हे कोणी सुचवलं, ताई?"

"रुग्णाने," मी म्हटलं.

शिरीषने उरलेला घोट गिळला आणि पेला माझ्या हातात दिला. मग आम्ही दोघांनी मिळून डायलिसिसला न्यायची पिशवी भरायला घेतली, कारण उद्या मंगळवार होता.